घरी शिकणाऱ्या मुलांना भेट काय द्यावी?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राज्यकारभार, अर्थकारण, साहित्य, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच घरगुती वाटेल. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांना सणासुदीला, सुट्टीत किंवा वाढदिवसाला भेट काय द्यावी, हा तो विषय होय. परंतु घरगुती प्रश्न क्षुल्लकच असतात असे थोडेच आहे? मुलाच्या हाती आपण जी वस्तू ठेवतो, तिच्यावरून आपण त्या मुलाला काय समजतो हे उघड होते. म्हणून या प्रश्नाचा थोडा नेटाने विचार करावा, असे आम्हांला वाटले.

प्रथम ही मुले कोण, ते सांगितले पाहिजे. ज्याला हल्ली होमस्कूलिंग म्हणतात आणि मराठीत आपण घरशिक्षण म्हणू, ते पत्करलेली कुटुंबे आज पुण्यामुंबईत आहेत, तशी इतर गावांतही आहेत. कोणी मुलाच्या प्रकृतीमुळे, कोणी वरचेवर होणाऱ्या बदल्यांमुळे, तर कोणी शाळेच्या पद्धतीवरचा विश्वास उडाल्यामुळे हा मार्ग धरतात. अमेरिकेत १९९३ पर्यंत सर्व पन्नास राज्यांत घरशिक्षण कायदेशीर झाले. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात त्याच्यासाठी वेगळे कलम नाही. तथापि १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांना बसून दहावी-बारावी होण्याची वाट अशा मुलांना मोकळी आहे. घरशिक्षण बरे की वाईट, हा वाद आज आम्ही काढणार नाही. ही मुले आपल्या नात्यागोत्यात आहेत, शेजारात आहेत, आणि दिवाळीला आपण त्यांच्या घरी फराळाला जाणार आहोत. आजच्या कामापुरते एवढे पुरे.

आणि ही चाल परकी आहे असेही नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने ते लेकीला दिले. तीर्थयात्रेत हिंडणाऱ्या त्या कुटुंबाला शाळा कुठली असणार? तरी १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी याच मुलीला गौरवाने पंडिता म्हटले. दुसरे उदाहरण तर या व्याख्यानमालेच्या घरचेच आहे. ज्या महादेव गोविंद रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांनी त्याआधी दोन वर्षे, १८७३ साली, लग्न होऊन आलेल्या रमाबाईंना घरातच अक्षरओळखीपासून धडे द्यायला आरंभ केला होता. तेव्हा घरी शिकणे ही आपल्याला नवलाची गोष्ट वाटू नये.

आता भेटीकडे वळू. शाळेत जाणाऱ्या मुलाला भेट देणे त्या मानाने सोपे असते. त्याची शाळा एकीकडे, घर एकीकडे. शाळा सुटली की अभ्यास सुटला, आणि मे महिना लागला की तो मोकळा झाला. घरी शिकणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी आहे. त्याची शाळा ओसरीवर आहे, स्वयंपाकघरात आहे, गच्चीवर आहे. ज्या घरात शाळाच नांदते, त्या घरात सुट्टी कशी ओळखावी? अशा वेळी मामा येतो, आत्या येते, रंगीत कागदात बांधलेला खोका पुढे करते. मूल हावऱ्या हातांनी कागद फाडते आणि आतून काय निघते? पाढ्यांचा तक्ता! राजधान्यांच्या नावांची कोडी! अमुक वयात तमुक यायलाच हवे, अशी ग्वाही देणारा शैक्षणिक संच! घरी शिकणारे मूल म्हणून शैक्षणिक भेट, असा हिशेब देणाऱ्याने सद्‌भावाने केलेला असतो. आईबापांनाही बरे वाटते, कारण मूल मागे पडेल ही धास्ती त्यांच्या उशाशी असतेच. मात्र मुलाच्या वाट्याला आलेला एक सणाचा दिवस अभ्यासाने गिळून टाकला, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्या मते येथे धोका आहे तो पैसा वाया जाण्याचा नाही. शिकणे म्हणजे आपल्यावर सतत कोणीतरी लादत असलेली गोष्ट, अशी मुलाची समजूत होऊन बसते, हा खरा धोका.

मग ज्ञान देणारी भेट देऊच नये काय? अवश्य द्यावी. परंतु ती देताना देणाऱ्याने तिच्यावर उदक सोडले पाहिजे. आपल्याकडे दान देताना पळीभर पाणी सोडून त्या वस्तूवरचा हक्क संपवतात. भेटीचेही तसेच व्हावे. वस्तू मुलाची झाली म्हणजे तिचे काय करायचे, कधी करायचे, की काहीच करायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकारही मुलाचा झाला.

या विषयात एका माणसाचे चरित्र फार उद्बोधक आहे. बालोद्यानाचा जनक फ्रीड्रिख फ्रोबेल याने १८३७ च्या सुमारास जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी काही साधने सिद्ध केली आणि त्यांना त्याने नावच दिले 'भेटी'. पहिली भेट म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी म्हणजे लाकडाचा गोल, दंडगोल आणि घन. तिसऱ्या भेटीत एक घन आठ लहान घनांत विभागलेला, चौथीत तोच आठ विटांसारख्या तुकड्यांत. त्या आठ विटांचे मूल क्षणात घर करते, क्षणात पूल करते, क्षणात नक्षी मांडते. या भेटी घरोघरच्या मातांनी वापराव्यात असा फ्रोबेलचा आग्रह होता, आणि मातांसाठी त्याने १८४४ साली गाण्यांचे पुस्तकही काढले.

१८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात अ‍ॅना राइट नावाच्या शिक्षिकेने या भेटी पाहिल्या आणि आपल्या मुलासाठी त्या घरी आणल्या. तो मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याचे नाव फ्रँक लॉइड राइट. पुढे जगातील थोर वास्तुशिल्पज्ञांत त्याची गणना झाली, आणि त्या लाकडी ठोकळ्यांचे ऋण त्याने उतारवयात लिहून ठेवले. परंतु या कथेला दुसरी बाजूही आहे. फ्रोबेल १८५२ साली वारला, आणि त्याच्या पुष्कळ अनुयायांनी याच भेटींची कवायत करून टाकली. आता पहिला तुकडा उचला, आता दुसरा त्यावर ठेवा, आता सर्वांनी सारखी खुर्ची करा! ठोकळे तेच होते. त्यांच्यावरचा मुलाचा हक्क तेवढा गेला होता. आमच्या आजच्या सांगण्याचे सार या एका उदाहरणात आहे.

तर मग भेट निवडावी कशी? आम्ही चार कसोट्या आपणांपुढे ठेवतो.

पहिली कसोटी अशी की, वस्तू थोडी अपुरी असावी. जी वस्तू कारखान्यातच पूर्ण होऊन आली, तिच्यात मुलाने करण्याजोगे काही उरत नाही. कळ दाबताच गाणारी, बोलणारी, चालणारी बाहुली पहिला तासभर मौज देते आणि मग माळ्यावर जाते. याउलट लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बीचा मेकॅनो पाहा. स्वतःच्या मुलांसाठी त्याने घरी धातूच्या पट्ट्या कापल्या, अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके पाडली, आणि नटबोल्टांनी त्या जोडता येतील असे केले. १९०१ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. त्या पट्ट्या म्हणजे काहीच नव्हत्या, म्हणूनच त्यांचे काहीही होऊ शकत होते.

मेकॅनो महाग वाटत असेल तर खंत करू नका. पुण्यातील टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमात गेले आणि तेथे त्यांनी आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून असाच खेळ उभा केला. नळीचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे सांधा म्हणून वापरायचे. तीन काड्यांचा त्रिकोण करा, तो दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, तो लगेच कलंडतो. त्यात एक कर्ण घाला की ताठ होतो. पत्र्याच्या छपराखाली लोखंडी कैची त्रिकोणांचीच का असते, याचे उत्तर मुलाला आपल्या बोटांत मिळते. तसेच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला जे काम केले, त्यात परदेशी घडणीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने ही साधने झाली. आणि आपल्या दिवाळीच्या किल्ल्याहून अपुरी, म्हणूनच उत्तम, अशी भेट कोणती? पोतेभर माती, एक थापी, मूठभर अळीव आणि रायगडाचा एक चांगला नकाशा, एवढे वसुबारसेच्या आधी पोचते करा. उतार, तट, पाण्याचे टाके आणि चोरवाट यांचा विचार करता करता भूगोल आणि इतिहास दोन्ही हाताला चिकटतात.

दुसरी कसोटी अशी की, वस्तू खरी असावी. मुलांना खोट्या हत्यारांचा फार लवकर कंटाळा येतो. प्लॅस्टिकच्या करवतीने काहीच कापले जात नाही, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळते. त्यापेक्षा वयाला झेपेल अशी खरी हातोडी, पक्कड, पेचकस द्यावे आणि धरायचे कसे ते मोठ्यांनी एकदा दाखवावे. चांगले भिंग, साधी दुर्बीण, लहान तराजू आणि वजने, होकायंत्र या वस्तू वर्षानुवर्षे टिकतात. आइन्स्टाइन चार-पाच वर्षांचा असताना, आजारी पडला म्हणून वडिलांनी त्याला होकायंत्र दाखवले. कशाचाही स्पर्श नसताना सुई एकाच दिशेला का वळते, या आश्चर्याचा ठसा आपल्यावर कायमचा उमटला, असे त्याने पुढे लिहिले आहे. ध्यानात घ्या, त्या होकायंत्राबरोबर प्रश्नपत्रिका नव्हती. हल्ली तर सूक्ष्मदर्शकही आवाक्यात आला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश यांनी सहकाऱ्यांसह २०१४ साली जगापुढे आणलेला कागदी घडीचा सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, खिशात मावतो आणि वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो. कांद्याचा पापुद्रा किंवा डबक्यातील पाण्याचा थेंब त्याच्याखाली ठेवला की दुपार कशी गेली ते कळत नाही.

आता वैशाख चालू आहे; पुढे पाऊस आहे. म्हणून या हंगामातली एक भेट सुचवतो. सरळ उभ्या भिंतींचे एक काचपात्र, एक पट्टी आणि एक कोरी वही. मृगापासून रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खाते मोजते त्याच वेळी, पात्रातले पाणी मिलिमीटरमध्ये मोजायचे आणि वहीत टिपायचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. घराचे छप्पर वीस चौरस मीटरचे आणि पाऊस पंचवीस मिलिमीटर, तर छपरावर पाचशे लिटर पाणी पडले. हा गुणाकार मूल आपण होऊन करील, आणि तो त्याला कधी विसरायचा नाही. ही भेट मुलाला देतो तशीच मुलीलाही द्यावी. भाच्याला दुर्बीण आणि भाचीला भातुकली, ही वाटणी आता पुरे झाली.

तिसरी कसोटी अशी की, भेटीने माणसे जोडावीत. घरी शिकणाऱ्या मुलाला पुस्तकांची वाण सहसा नसते, सोबत्यांची असते. म्हणून एकट्याने स्क्रीनसमोर बसायच्या खेळापेक्षा चौघांनी बसायचा खेळ द्यावा. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा पाहा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पाने, एकूण एकशेवीस. राजा आणि प्रधान सर्वांत वरचे. पण त्यांच्याखाली निम्म्या रंगांत दहा मोठा, तर निम्म्यांत एक्का मोठा. ही उलटापालट ध्यानात ठेवताना मोठ्यांचीही भंबेरी उडते. शिवाय हाताने रंगवलेली ती गोल पाने म्हणजे कलेचा एक नमुनाच. नवकंकरीला तर पाट आणि खडू पुरतो. आजी-आजोबांना बरोबरीने खेळता येईल असा खेळ दिला, की भेट सगळ्या घराची होते.

मासिकाची वर्गणीही याच वर्गात येते. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून चालू आहे आणि त्याची वर्गणी कोणालाही परवडेल अशी आहे. शाळेच्या हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्या मुलाच्या नावावर दर महिन्याला टपाल येते; पोस्टमन दारात त्याचे नाव घेऊन हाक मारतो. या गोष्टीचे मोल पैशात होणार नाही.

चौथी कसोटी आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. ती अशी की, शक्य तर वस्तू न देता दार उघडून द्यावे. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. शाळा त्याला फारशी लाभली नाही. लंडनमध्ये एका पुस्तकबांधणीच्या दुकानात तो उमेदवारी करीत असे आणि बांधायला आलेली पुस्तके वाचीत असे. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने ती ऐकली, टिपणे काढली, ती स्वतः सुबक बांधली आणि डेव्हीकडे धाडली. पुढच्याच वर्षी तो डेव्हीच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाला. विजेवर चालणाऱ्या आजच्या जगाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत हे नाव अग्रभागी आहे. आणि तिकिटांचे ते ऋण त्याने फेडलेही. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने देण्याची प्रथा १८२५ साली सुरू झाली. त्यांतील एकोणीस माला एकट्या फॅरडेने गुंफल्या.

आपल्या मुंबईतले उदाहरण असेच आहे. खेतवाडीत मामांच्या घरी वाढणाऱ्या एका पोरक्या मुलाने १९०८ च्या सुमारास एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील चिटणीस मिलार्डसाहेबांनी त्या बुजऱ्या मुलाला हाकलून लावले नाही. त्यांनी पक्ष्यांच्या नमुन्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. मामाघरची बंदूक ही त्याची खेळण्याची वस्तू. पण त्याला घडवणारी भेट होती ती ते उघडलेले खण.

श्रोतेहो, असा एखादा खण आपणा प्रत्येकाजवळ असतो. कोणी सुतार आहे, कोणी छापखाना चालवतो, कोणी परिचारिका आहे, कोणी बँकेत आहे, कोणाची शेती आहे. घरी शिकणाऱ्या मुलाला सकाळी अकरा वाजताही वेळ असतो, ही त्याची श्रीमंती आहे. 'महिन्यातून एक सकाळ माझ्याबरोबर ये' असे लिहिलेली चिठ्ठी पाकिटात घालून द्या. पैसा न लागणारी आणि तरीही देणाऱ्याला सर्वांत महाग पडणारी ही भेट आहे, कारण तीत आपला वेळ जातो.

येथे कोणी विचारील की, इतका खर्च करून आणलेली दुर्बीण मुलाने कोपऱ्यात टाकली तर? तर पडू द्यावी. वस्तूंनाही मुहूर्त असतो. सातव्या वर्षी टाकलेले भिंग अकराव्या वर्षी हाती येते. तोवर 'अरे, मामाने एवढे दिले, तू त्याचे काय केलेस?' असे विचारू नये. तसे विचारले की सोडलेले उदक परत घेतल्यासारखे होते. दुसरे कोणी म्हणेल, आईबापांना अभ्यासाचे साहित्य लागतेच, ते दिले तर काय बिघडले? काही बिघडले नाही; परंतु ते आईबापांना द्यावे, आणि त्यांना विचारून द्यावे. मुलाला शिकवण्यासाठी एकाने नोकरी सोडलेली असेल, तर कागदाची रिमे, रंग, शब्दकोश, वाचनालयाची वर्गणी यांची त्या घराला मदतच होते. मात्र ही मदत आणि मुलाची भेट यांची सरमिसळ करू नये.

व्यवहारापुरते थोडक्यात सांगतो. पाच वर्षांच्या आतील मुलाला ठोकळे, माती, रंगीत चिंध्या, पाण्याशी खेळायला डबे आणि नरसाळे. सहा ते नऊच्या मुलाला भिंग, तराजू, चौघांचा खेळ आणि मासिक. दहा ते तेराच्या मुलाला खरी हत्यारे, सूक्ष्मदर्शक, पर्जन्यमापनाची वही, दुर्बीण. त्यापुढच्याला एखाद्या जाणत्या माणसाचा सहवास, प्रवासाचे तिकीट आणि हवे ते पुस्तक निवडण्यासाठी थोडी रक्कम. आणि सर्व वयांना एक गोष्ट सामायिक: त्या दिवशी अभ्यास नाही, असे आईबापांचे वचन. ज्याची शाळा कधी सुटत नाही, त्याला सुट्टी हीच मोठी भेट.

शेवटी एक विनंती करतो. पुढल्या वर्षी या व्याख्यानमालेला याल, तेव्हा आपल्या आळीतले असे एखादे मूल बरोबर आणा. त्याला पहिल्या रांगेत बसवा. व्याख्यान संपल्यावर 'तुला काय समजले?' असे विचारू नका. वाटेत उसाचा रस पाजा आणि ते आपण होऊन काय बोलते, ते ऐका.